धरून ठेवलेला एक श्वास

दादांचा फोन आला की पहिली पाच मिनिटं वर्तमानपत्राची असतात. आज अग्रलेख कसा लेचापेचा होता, कुठल्या पुढाऱ्याने काय मुक्ताफळं उधळली, हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय घरची ख्यालीखुशाली कळत नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी एवढंच विचारलं, "बसलीस का उभी हायेस?" बसलेय, मी म्हणाले. मग पलीकडून काहीच नाही... माझे वडील गप्प आहेत ही गोष्टच इतकी अनोळखी की मला वाटलं लाईन तुटली. "म्हस्के सिस्टर गेल्या," ते म्हणाले, आणि फोन मायच्या हातात दिला.

याला आता सहा आठवडे झाले. भोकरदनला मुलाच्या घरी, मूत्रपिंडाच्या आजाराने त्या गेल्या. निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. आमच्याकडे नगरसेवकाच्या चुलत्याचाही श्रद्धांजलीचा फलक चौकात लागतो. एका सरकारी वॉर्डात पंचवीसहून अधिक वर्षं माणसांचे श्वास मोजणाऱ्या बाईसाठी कुठे काही लागलं नाही. लागावं अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. पण माझी आहे, आणि माझ्याकडे ती असायला एक जास्तीचं कारणही आहे. ज्या बाईवर मी आज हे लिहिते आहे, तिच्याविरुद्ध सोळा वर्षांपूर्वी मी पत्रक लिहिलं होतं.

मी पत्रकांवरच वाढले. दादा जुन्या जालन्यातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून ओळी उभ्या करायचे. छापताना खराब झालेली पत्रकं ते घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली. पुढच्या बाजूला 'जाहीर निषेध', मागच्या बाजूला माझा 'अ'. मोर्चाची, संपाची, धरणग्रस्तांची, वसतिगृहातल्या आळ्या पडलेल्या जेवणाची, अशी कितीतरी पत्रकं मला पाठ होती. दादा दिवसा ती जुळवत आणि संध्याकाळी सभेत बोलत. बोलायला उभे राहिले की माईक नसला तरी मागच्या माणसाला ऐकू जाई. अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं, वाटायचं, हे मला भाकरी भाजण्याआधी आलं. भाकरी अजूनही धड येत नाही.

मी अकरावीला होते तेव्हा दादांना न्यूमोनिया झाला, अंगावर काढला, आणि डाव्या फुफ्फुसाभोवती पू धरला. दवाखान्यात नेलं तेव्हा त्या माणसाला एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. बरगड्यांमधून छातीत बोटाएवढी नळी घातली आणि तिचं दुसरं टोक खाटेखालच्या एका काचेच्या बाटलीत सोडलं. बाटलीत थोडं पाणी, नळीचं टोक त्या पाण्यात बुडालेलं. दादा श्वास घेत तसं नळीतलं पाणी वर चढे, सोडत तसं खाली उतरे. माझी माय तासन् तास तेच पाहत बसे. तिसऱ्या दिवशी तिने बाटली उचलून शेजारच्या लोखंडी कपाटावर ठेवली. कारण साधं होतं. नवऱ्याचा प्राण त्या पाण्यात वर-खाली होताना तिला दिसत होता आणि तो खाली जमिनीवर होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांजवळ. हे तिला सोसेना.

म्हस्के सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. ठेंगण्या, रुंद हाडाच्या, चालताना जराशा डुलणाऱ्या. त्या धावल्या नाहीत, पण इतक्या झपाट्याने आल्या की मी बाजूला व्हायच्या आत त्यांनी नळी चिमट्याने दाबली होती आणि बाटली खाली ठेवली होती. बाटली छातीच्या वर गेली तर तिच्यातलं पाणी उलटं छातीत जातं, हे त्यांनी मायला समजावून सांगितलं. शब्द एकही चढा नव्हता. माय मान डोलवत राहिली. पण सिस्टरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की ही बाई पुन्हा उचलणार. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर येताना त्यांनी घरून लाकडी पाट आणला, जेवायला बसतो तसला, धुऊन पुसून. तो खाटेखाली मांडला आणि बाटली त्यावर ठेवली. मायने पदराने पाटाची कड पुसली. त्यानंतर तिने बाटलीला हात लावला नाही.

मला मात्र संताप आला. माझ्या लहानपणी पाठ केलेल्या निम्म्या पत्रकांमध्ये अंधश्रद्धेवर आसूड होते, आणि इथे सरकारी पगार घेणारी शिकलेली नर्स बाटलीला पाटावर बसवत होती. मी त्यांना गाठून सुनावलं. लोकांना शहाणं करायचं सोडून तुम्ही त्यांच्या अडाणीपणाला आसन देता, असं काहीतरी. वाक्य मला फार आवडलं होतं. त्या सुया उकळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बाटली खाली राह्यली का न्हाई?"

"राहिली, पण प्रश्न तत्त्वाचा..."

"मंग झालं. तत्त्वाचं तुम्ही बघा, मी बाटलीचं बघून राह्यले."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला. ते मी त्या दोघांनाही माफ केलं नाही.

अठरा दिवसांनी पू थांबला. फोटोत फुफ्फुस पूर्ण उघडलेलं दिसलं. सर्जन औरंगाबादहून आठवड्यातून दोनदा येत. मंगळवारी ते आले, फोटो दिव्यासमोर धरून पाहिला आणि नळी काढू या म्हणाले. मायने हात जोडले. आणि म्हस्के सिस्टर, ज्यांनी फक्त ट्रे आणून ठेवायचा होता, त्या म्हणाल्या, "सर, पेशंट तयार न्हाई. शुक्रवारी काढू." सर्जन तरुण होते, घाईत होते, बाहेर गाडी उभी होती. त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं, क्षणभर विचार केला, आणि "बरं," म्हणून पुढच्या खाटेकडे गेले.

कशाला तयार नाही, हे सिस्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. नळी बाहेर येते तो क्षण दोन सेकंदांचा. त्या क्षणी माणसाने छाती भरून श्वास घ्यायचा, धरायचा आणि आतून जोर द्यायचा. तेवढ्यात नळी निघते आणि भोकावर व्हॅसलिनची पट्टी दाबली जाते. पण त्याच क्षणी माणूस दचकला आणि त्याने श्वास आत ओढला, तर बाहेरची हवा त्या भोकातून छातीत शिरते आणि मुश्किलीने उघडलेलं फुफ्फुस पुन्हा मिटतं. सिस्टर दोन दिवस दादांकडून सराव करून घेत होत्या. श्वास धरा म्हटलं की दादा धरत, आणि सिस्टरांचं बोट नुसतं नळीला लागलं की हाऽ करून आत ओढत. नाहीतर बोलायला लागत. "सिस्टर, एक शंका..." शंका नसायची. भीती असायची. माझ्या वडिलांना मी पोलिसांच्या काठीला घाबरताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती मला ओळखू आली नाही.

मला दिसलं ते एवढंच: डॉक्टर तयार, फोटो चांगला, आणि एक नर्स गरीब रुग्णाला आणखी तीन दिवस नळीला टांगून ठेवते. मी त्याच दुपारी छापखान्यात गेले आणि पत्रक लिहिलं. बाटलीच्या पाटापासून ते परत पाठवलेल्या सर्जनपर्यंत सगळं. वॉर्डाचा क्रमांक घातला, नाव मुद्दाम घातलं नाही, पण 'एक ठरावीक परिचारिका' असं लिहिलं, म्हणजे ओळखायचं त्याने ओळखावं. दादांसोबत काम करणारे रहीमचाचा ते जुळवायला बसले. त्यांनी एकदाच विचारलं की दादांना दाखवलंस का. मी म्हणाले, ते आजारी आहेत.

बुधवारी दुपारी सिस्टर खाटेजवळ स्टूल घेऊन बसल्या. त्यांची एक पद्धत होती, ती मी पुढे अनेकदा पाहिली. श्वास कसा धरायचा ते त्या शिकवत नसत. माणसाला येत असलेला शोधून काढत. पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालाला त्या म्हणत, पोतं उचला. पाणी भरणाऱ्या बाईला म्हणत, हंडा डोक्यावर घ्या. त्या क्षणी प्रत्येक जण श्वास धरतो आणि आतून जोर देतो, त्याला ते माहीतही नसतं. त्यांनी दादांना विचारलं, "तुमच्या कामात श्वास कवा थांबतो?"

दादा म्हणाले, "आमचं काम बसल्या जागी. आम्ही बोलत-बोलत करतो."

सिस्टर विचारात पडल्या. आणि मी, जी त्यांच्याशी पंधरा दिवस धड बोलत नव्हते, मला एकदम डोळ्यांसमोर छापखाना दिसला. स्टिक म्हणजे कंपोझिटरच्या हातातली, कडा असलेली छोटी लोखंडी पट्टी. तिच्यात पाच-सहा ओळी जुळल्या की त्या सगळ्या मिळून बोटांच्या चिमटीत धरून उचलायच्या आणि थाळीत ठेवायच्या. सुटे खिळे, मध्ये काही बांधलेलं नाही. बोट जरा सैल झालं की सगळ्या ओळी जमिनीवर. तेवढं उचलताना दादांचं बोलणं तुटायचं. वाक्य अर्ध्यावर सोडून ते गप्प व्हायचे, ओळी थाळीत बसल्या की पुढचा शब्द. आख्ख्या दिवसात तेवढीच त्यांची शांतता. मी ते सांगितलं. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट, आणि म्हणाल्या, "जा, आण ती वस्तू. भरलेली आण. रिकाम्याचा उपयोग न्हाई."

मी जवळजवळ पळत गेले. रहीमचाचा नमाजला गेले होते. त्यांच्या जागेवर एक स्टिक ओळींनी भरलेली होती, ती कागदात गुंडाळून उचलली आणि रिक्षाने परत आले. दादांच्या हातात दिली. दादांची बोटं आपसूक जागेवर बसली, चेहराच बदलला. आणि मग त्यांचे डोळे ओळींवरून उलटे फिरायला लागले... शिशाची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात. त्या वॉर्डात ती वाचता येणारी माणसं दोनच होती. एक खाटेवर, आणि एक मी. कुठली स्टिक उचलून आणली आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

त्यांनी सहाही ओळी वाचल्या. सिस्टर कौतुकाने वाकून बघत होत्या. "काय लिहिलंय यात?"

"निवेदन हाय," दादा म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. "चुका लई हायेत."

"मंग दुरुस्त करा की."

"करतो," दादा म्हणाले. त्यांनी ओळी चिमटीत धरल्या, उचलल्या, आणि त्यांचा श्वास थांबला. सिस्टरांनी नळीला बोट लावलं. श्वास थांबलेलाच. त्यांनी नळी जराशी हलवली तरी नाही सुटला. "बास," सिस्टर हळूच म्हणाल्या, आणि दादांनी चिमूट सोडून दिली. खिळे घरंगळत खाटेखाली गेले. मी आणि सिस्टर गुडघ्यांवर बसून ते वेचत होतो. त्या प्रत्येक खिळा पदराला पुसून माझ्या ओंजळीत टाकत होत्या आणि म्हणत होत्या, किती बारीक काम गं तुझ्या बापाचं. वर मान करायची माझी हिंमत नव्हती.

शुक्रवारी जे पाहिलं ते मी त्याआधी आणि त्यानंतरही कुठे पाहिलं नाही. अर्धा तास आधी त्यांनी दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं आणि घड्याळ पाहिलं. दादांना उशांच्या आधाराने अर्धवट बसवलं, डावा हात डोक्याकडे वर ठेवला. पट्टी आधीच कापलेली, व्हॅसलिन लावलेली, चिकटपट्टीचे तुकडे ट्रेच्या कडेला एका मापाचे ओळीने लावलेले. वॉर्डाला त्यांनी गप्प बसायला सांगितलं नव्हतं, तरी वॉर्ड गप्प होता. सर्जनांनी टाका कापला, नळी धरली आणि... वाट पाहिली. सिस्टरांची. त्या दवाखान्यातला सगळ्यात मोठा माणूस, हातात नळी धरून, एका नर्सच्या तोंडाकडे पाहत उभा होता. मी समतेवर पुष्कळ वाचलं होतं. ती अशी दिसते हे मला माहीत नव्हतं.

सिस्टरांचा एक तळवा दादांच्या छातीवर होता, दुसऱ्या हातात पट्टी. त्या दादांशी श्वासाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, ओळी उचला."

दादांच्या उजव्या हाताची बोटं हवेत आवळली. छाती वर आली आणि थांबली. सिस्टरांनी मान हलवली, नळी एका ओढीत बाहेर आली, आणि ती पूर्ण बाहेर यायच्या आत पट्टी तिच्या जागी दाबलेली होती. मी डोळे उघडे ठेवून पाहत होते, तरी मला तो हात जाताना दिसला नाही. सर्जनांनी भोकाभोवती आधीच घालून ठेवलेला दुसरा टाका आवळला. "ठेवा थाळीत," सिस्टर म्हणाल्या, आणि दादांनी श्वास सोडला.

मायने देवाचं नाव घेतलं, शेजारचा म्हातारा सुटलो म्हणाला, सर्जन हात धुवायला गेले. सगळ्यांसाठी ते संपलं होतं. सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. चार तास. दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजायच्या, ओठांचा रंग बघायच्या, पट्टीच्या भोवतीची कातडी बोटांनी दाबून बघायच्या. हवा कातडीखाली शिरली तर तिथे कुरकुर लागते, असं मला त्यांनी माझं बोट धरून दाखवलं, म्हणजे ती नाही हे दाखवलं. मध्येच इतर रुग्णांकडे उठून जायच्या, पण पंधरा मिनिटं कधी सोळा झाली नाहीत. चहा आला तो थंड झाला. मी म्हणाले, सिस्टर, झालंय ना आता. "तुझ्यासाठी झालं," त्या म्हणाल्या.

पत्रक छापलं गेलं नाही. दादांनी मला शिक्षा केली नाही, उपदेशही केला नाही. एवढंच म्हणाले की ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याचं काम आधी पाहावं, आणि लिहायचं तर नाव घालून लिहावं. पुढे मी जालन्यात असले की वॉर्डात चक्कर मारायची. त्या मला कामाला लावायच्या. जांब समर्थहून आलेल्या एका भजनी बुवांचा श्वास शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. शेवटी सापडला तो सुई ओवताना. सिस्टर इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला समोसा खाऊ घातला.

शेवटची भेट भोकरदनला, गेल्या हिवाळ्यात. खाटेवर उशाला टेकून होत्या, चेहरा सुजलेला. मी म्हणाले, तुमच्यावर लिहायचंय. त्या म्हणाल्या, मंग बराबर लिही. आणि त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. जालना जिल्हा झाला त्या साली त्या इथे आल्या, कामात नव्या. एका शेतकऱ्याची नळी काढायची होती. माणूस घाबरला होता, थरथरत होता. डॉक्टरांनी नळी ओढली त्या क्षणी सिस्टरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, घाबरू नका, श्वास घ्या. जे कोणीही माणूस म्हणेल तेच. त्याने घेतला... "झालं म्हणले सगळे. मी बी म्हणले. दुसऱ्या खाटेकडं गेले. संध्याकाळी आले तं तो न्हवता." कागदावर आजाराने गेला असंच लागलं. कोणी विचारलं नाही. "विचारलं असतं तं सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "कुणीच विचारलं न्हाई, पोरी."

मी आयुष्यभर जाब विचारत आले. जाब द्यायला पंचवीस वर्षं दारात उभी असलेली बाई मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी त्या माणसाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, किती लेकरं होती ते सांगितलं. मग म्हणाल्या, "त्याचं नाव लिहू नको. त्याची माणसं हायेत. माझं लिही." मी विचारलं, पूर्ण? "पूर्ण. सर्व्हिस बुकात हाय तसं."

तर गयाबाई रामराव म्हस्के, स्टाफ नर्स.

हे छापायला देण्याआधी मी भोकरदनला गेले आणि त्यांच्या मुलाला, विष्णूला, वाचून दाखवलं. आधी न सांगता त्याने ते छापून आल्यावर कुठूनतरी वाचावं हे मला पटत नव्हतं. तो शेवटपर्यंत खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने त्या माणसाचं गाव विचारलं. मी सांगितलं. ते गाव भोकरदन-जालना रस्त्यावरच आहे, बस तिथे दोन मिनिटं थांबते. विष्णूने मान वर केली. मग म्हणाला, लहानपणापासून, बस त्या थांब्यावर आली की आमची माय बोलायची थांबायची, तोंड खिडकीकडे करायची. आम्हाला वाटायचं तिला गाडी लागते. आम्ही भावंडं घरूनच लिंबू कापून न्यायचो आणि तो थांबा आला की तिच्या हातात द्यायचो. ती नाकाला लावायची, थांबा गेला की परत द्यायची. इतकी वर्षं.

"पर तिला गाडी लागत न्हवती," तो म्हणाला. "मंग लिंबू कशाला घ्यायची?"

मी म्हणाले, "तुम्ही देत होता म्हणून."

तो उठून आत गेला, आणि नळाच्या पाण्याचा आवाज येत राहिला... बराच वेळ.